ओळखीच्या चार चिठ्ठ्या

हुंडीच्या व्यवहारात ‘जिकरी चिठ्ठी’ नावाचा एक लहानसा कागद असे. आजच्या पिढीने तो पाहिलेला नाही, आणि वाणिज्य शाखेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतही त्याला दोन-तीन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नसे. मुंबईच्या पेढीने दूरच्या एखाद्या पेढीवर हुंडी लिहिली आणि ती घेऊन गेलेल्या माणसाला तिथे पैसे मिळाले नाहीत, तर त्याने परक्या गावी काय करावे? या प्रसंगासाठी हुंडी लिहिणारा आणखी एक चिठ्ठी सोबत देई. ती त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या नावे असे. मजकूर एवढाच, की ही हुंडी समोरच्याने सकारली नाही, तर आमच्या नावाखातर आपण ती सकारावी. बहुतेक वेळा ही चिठ्ठी उघडण्याची वेळ येत नसे. तरीही ती अंगरख्याच्या आतल्या खिशात असली की माणूस निर्धास्तपणे प्रवासाला निघे.

शाहजोग हुंडीचे तत्त्वही याच कुळातले. तिचे पैसे हुंडी हातात असणाऱ्या कोणालाही मिळत नसत. ते ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. अनोळखी माणसाला आधी आपल्याला ओळखणारा शाह शोधावा लागे, आणि त्याच्या हातून पैसे घ्यावे लागत. पुढे बँका आल्या, तरी ही रीत गेली नाही. खाते उघडण्याच्या अर्जावर ‘ओळख देणारा’ असा रकाना असे आणि तिथे जुन्या खातेदाराची सही घेतली जाई. ती निव्वळ औपचारिकता नव्हती. 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या 131 व्या कलमाने धनादेश वसूल करणाऱ्या बँकेला जे संरक्षण दिले आहे, ते निष्काळजीपणा नसेल तरच मिळते. आणि ओळखीवाचून खाते उघडणे हा निष्काळजीपणाच समजला जाई. सही करणाऱ्याला त्या सहीचे मोल ठाऊक असे. दुकानातल्या नोकराच्या मेहुण्याला ओळख द्यावी की नाही, यावर घराघरांत खल होत असे. आता आधार आणि पॅन आले, आणि तो रकाना अर्जावरून नाहीसा झाला. सोय झाली यात शंका नाही. मात्र एका माणसाने दुसऱ्यासाठी आपले नाव गहाण ठेवण्याची सवयही त्याबरोबर थोडी सैल झाली.

हे सारे आठवण्याचे कारण, दरवर्षी आषाढाच्या सुमारास गिरगावापासून दादरपर्यंतच्या अनेक व्यापारी घरांत सुरू होणारी लगबग. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघालेली असते. बॅगेचे वजन तेवीस किलोच्या आत आहे ना, हे काट्यावर पुन्हापुन्हा पाहिले जाते. खाखऱ्याची पाकिटे, गरम कपडे, प्रमाणपत्रांच्या प्रती, सगळ्याची यादी होते. पण तिथे पोहोचल्यावर दार कोणाचे ठोठवायचे, हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो, आणि मग कोणाच्या तरी मावसभावाचा दूरध्वनी क्रमांक घाईघाईने लिहून घेतला जातो. ही तयारी कशी असावी आणि कशी नसावी, याचे एक पूर्ण उदाहरण याच मुंबईत घडलेले आहे. त्यातील बरीच पात्रे जैन समाजाला जवळची आहेत.

1888 मध्ये मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जाण्याचे ठरवून राजकोटहून मुंबईला आले. वय अठरा पूर्ण, घरी पत्नी आणि तान्हे मूल. आई परवानगी देईना, तेव्हा मार्ग काढला तो बेचरजी स्वामींनी. हे जन्माने मोढ वाणी, पण जैन साधू झालेले, आणि गांधी कुटुंबाचे सल्लागार. त्यांनी मोहनदासांकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेवविली आणि मग आईने होकार दिला. इतके होऊनही मुंबईत अडचणींची रांगच लागली. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पहिलाच प्रवास आहे, दिवाळीनंतर जावे, असे मित्रांनी थोरल्या भावाला सांगितले. तेव्हा लक्ष्मीदासभाईंनी मोहनदासांना एका मित्राकडे ठेवले, प्रवासाचे पैसे मेहुण्यांच्या हवाली केले आणि ते राजकोटला परतले.

त्याच काळात मोढ वाणी जातीची सभा बसली. जातीचे शेठ मोहनदासांच्या वडिलांच्या ओळखीचे, दूरच्या नात्यातलेही. समुद्रपार गेल्याने धर्म राहत नाही, हे त्यांचे म्हणणे तरुणाने नम्रपणे पण ठामपणे अमान्य केले. तेव्हा निर्णय झाला: हा मुलगा आजपासून जातीबाहेर, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा गोदीवर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. दंडाची रक्कम पाहण्यासारखी आहे. सव्वा रुपया म्हणजे कोणाचे दिवाळे काढणारी रक्कम नव्हे. पण तिचा हेतू पैसा वसूल करणे हा नव्हताच. तरुणाच्या भोवतीची ओळखीची माणसे एका झटक्यात काढून घेणे हा हेतू होता, आणि तो साधलाही. मेहुण्यांनी ठेवीचे पैसे देण्यास नकार दिला; जात गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. घरातली हुंडी घरातच नाकारली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

इथे जिकरी चिठ्ठीचे काम कोणी केले? कुटुंबाच्या एका मित्राने. मोहनदास त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, भाड्याचे आणि किरकोळ खर्चाचे पैसे आपण द्यावे आणि माझ्या भावाकडून वसूल करावे. त्याने ते दिलेच, शिवाय धीरही दिला. जुनागढचे एक वकील, त्र्यंबकराय मजुमदार, बॅरिस्टरीसाठीच 4 सप्टेंबरच्या बोटीने निघाले होते. मित्रांनी त्यांच्याच केबिनमध्ये मोहनदासांसाठी जागा राखून ठेवली. वयाने प्रौढ, जग पाहिलेला सोबती असा लाभला. जातीने दार बंद केले असताना मैत्रीने ते उघडले. आपल्या समाजाच्या मासिकात हे लिहिताना थोडे अवघड वाटते, पण ते झाकण्यात अर्थ नाही. समाजाच्या ओळखीवर विसंबणाऱ्याने तो समाज कोणत्या अटींवर ओळख देतो, हेही पाहून ठेवावे.

निघताना त्यांच्याजवळ ओळखीच्या चार चिठ्ठ्या होत्या. एक डॉ. प्राणजीवन मेहतांना, दुसरी दलपतराम शुक्लांना, तिसरी राजकुमार रणजितसिंहांना, जे पुढे क्रिकेटमुळे जगभर गाजले, आणि चौथी दादाभाई नौरोजींना. या चार चिठ्ठ्यांचा हिशेब मांडला तर स्थलांतराच्या तयारीविषयी पुष्कळ काही कळते.

डॉ. मेहता मोरबीचे. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, आणि कायदाही शिकत असलेले. मोहनदासांपेक्षा वयाने फार मोठे नव्हते. चार-पाच वर्षे पुढे असलेला, नुकताच त्याच वाटेने गेलेला माणूस. मोहनदासांनी बंदरात उतरताच त्यांना तार केली. सप्टेंबरच्या अखेरचा शनिवार. अंगात पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे, कारण विलायतेत पांढरे शोभेल अशी समजूत. आणि बंदरावर तसे कपडे घातलेले ते एकटेच. बाकीचे सामान इतरांचे पाहून ग्रिंडले कंपनीच्या माणसाकडे सोपवलेले, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे ते मिळण्याची आशा नाही. (बँकेत उमेदवारी केलेल्यांना हे नाव वाचून गंमत वाटेल. प्रवाशांचे सामान आणि पैसे सांभाळणाऱ्या त्या पेढीची पुढे मोठी बँक झाली.) अशा अवस्थेत व्हिक्टोरिया हॉटेलात बसलेल्या तरुणाला भेटायला डॉ. मेहता त्याच संध्याकाळी आठच्या सुमारास आले.

त्या भेटीत मोहनदासांनी सहज त्यांची उंच टोपी उचलली आणि तिच्या लवीवरून उलटा हात फिरवला. मेहतांनी थोडे रागावूनच त्यांना थांबवले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्याच ओळखीत आपल्याकडच्यासारखे खासगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये, अशी शिकवण पहिल्याच तासात मिळाली. हॉटेल फार महाग पडेल, एखाद्या कुटुंबात राहावे, हेही त्यांनीच सांगितले. पुढे खोलीवर येऊन पाहिले, ती पसंत पडली नाही, तेव्हा इथल्या चालीरीती कळेपर्यंत काही दिवस उमेदवारी करावी म्हणून आपल्या एका मित्राकडे त्यांना पाठवले. बोटीवर खाऱ्या पाण्याने अंघोळ करून झालेल्या नायट्यावर औषधही दिले. एका चिठ्ठीच्या मोबदल्यात हॉटेलचा सल्ला, शिष्टाचाराचे धडे, निवारा आणि औषध. दादाभाईंच्या दारी गेल्यावर यातले काहीही मिळाले नसते. त्या थोर पुरुषाकडे त्याची अपेक्षा करणेही गैर ठरले असते. परक्या गावी पहिल्या महिन्यात ज्याची गरज असते तो मोठा माणूस नसतो, चार वर्षे पुढे गेलेला माणूस असतो. चिठ्ठ्या मिळवताना घरचे लोक नेमके याच्या उलट करतात. नात्यातला सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस ते आधी शोधतात.

ओळखीचा एक धोकाही मोहनदासांना लगेच कळला. ज्या मित्राकडे ते राहिले, त्याने त्यांना सख्ख्या भावासारखे वागवले, आणि त्या प्रेमापोटीच मांस खाण्याचा आग्रह धरला. अशिक्षित आईसमोर, इथल्या परिस्थितीची कल्पना नसताना घेतलेल्या प्रतिज्ञेला काय किंमत, असा त्याचा युक्तिवाद. ज्याच्या घरात राहायचे, ज्याच्या ताटात जेवायचे, त्यालाच रोज नाही म्हणायचे, हे परक्याला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी कठीण. मोहनदास प्रतिज्ञेच्या बाजूने वाद घालण्यात कमी पडत, पण ती सोडत नसत. जैन घरांतून निघणाऱ्या मुलांना ही अडचण आजही येते. बहुतेक वेळा ती परक्यांकडून येत नाही, मदत करणाऱ्या सहनिवासी मित्राकडूनच येते. पुढे कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तिथे हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक मिळाले, आणि त्यातून शाकाहारी मंडळींचे एक नवेच वर्तुळ जमले. ही ओळख कोणत्याही चिठ्ठीने दिली नव्हती. ती प्रतिज्ञेने दिली.

दादाभाईंच्या चिठ्ठीची गोष्ट वेगळी. ती मोहनदासांनी फार उशिरा दिली. एवढ्या थोर माणसाला त्रास देण्याचा आपल्याला काय अधिकार, असे त्यांना वाटे. दादाभाईंचे व्याख्यान असले की सभागृहाच्या कोपऱ्यात बसावे, डोळे भरून पाहावे, कान भरून ऐकावे आणि निघून यावे, असा क्रम चालला. अखेर धीर करून चिठ्ठी दिली, तेव्हा दादाभाई म्हणाले की सल्ला हवा असेल तेव्हा केव्हाही ये. मोहनदासांनी त्याचाही कधी लाभ घेतला नाही. रणजितसिंहांच्या चिठ्ठीतून काही निष्पन्न झाल्याचे आत्मकथेत दिसत नाही. पण दादाभाईंशी झालेली तेवढी भेटही वाया गेली नाही. 1894 मध्ये नाताळमध्ये हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले, तेव्हा तिथून मोहनदासांनी दादाभाईंना पत्र लिहिले. दादाभाई 1892 मध्येच ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले होते. ठेव जुनी होती, ती योग्य वेळी उपयोगी पडली.

आता मेहतांच्या चिठ्ठीकडे पुन्हा वळू, कारण तिचे व्याज पुढे कित्येक दशके चालले. मोहनदास लंडनला असताना इकडे लक्ष्मीदासभाई स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी डॉ. मेहता आणि त्यांच्या थोरल्या बंधूंशी ओळख करून घेतली होती. परदेशी गेलेल्याने एक टोक धरायचे आणि घरच्यांनी दुसरे, हे आपल्या व्यापारी घरांत पूर्वी सहज घडत असे. 1891 मध्ये मोहनदास बॅरिस्टर होऊन मुंबईला उतरले, तेव्हा डॉ. मेहतांनी आग्रहाने त्यांना आपल्याच घरी उतरवले. (जातीचे प्रकरण मात्र मिटले नव्हते. जातीत दोन तट पडले होते. एका तटाच्या समाधानासाठी थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले, आणि राजकोटला जातीला जेवण दिले.)

मेहतांच्या त्या घरी मोहनदासांची ओळख रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी झाली. डॉ. मेहतांच्या एका थोरल्या भावाचे ते जावई, आणि रेवाशंकर जगजीवन या नावाने चालणाऱ्या जवाहिऱ्यांच्या पेढीतील भागीदार. वय पंचविशीच्या आत. त्यांच्या शतावधानाचे प्रयोग धोबीतलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये गाजले होते; त्यांनी युरोपात जाऊन ते करावेत अशी सूचनाही झाली होती, पण तिथे आपले धर्माचरण सांभाळता येणार नाही म्हणून ते गेले नाहीत. एक तरुण प्रतिज्ञा घेऊन गेला, दुसरा प्रतिज्ञेसाठीच गेला नाही, आणि दोघांची गाठ मुंबईत एका जवाहिऱ्याच्या घरात पडली. लाखोंचे सौदे करून, हिरे-मोती पारखून होताच हा माणूस धर्मग्रंथ किंवा आपली वही उघडून बसतो, याचा मोहनदासांवर खोल परिणाम झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या मनात धर्माविषयी वादळ उठले, तेव्हा त्यांनी रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले, आणि 1894 मध्ये मुंबईहून त्यांची उत्तरे गेली. त्या काळात मुंबई ते दर्बान पत्राला किती दिवस लागत असतील याचा विचार केला, म्हणजे ही ओळख किती पक्की असेल हे लक्षात येते.

त्याच वर्षांत मुंबईत वीरचंद राघवजी गांधी मोहनदासांच्या सोबतीला होते. सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करणारे वीरचंदभाई त्यांना इथल्या वकिलांच्या गोष्टी सांगत आणि आहाराच्या प्रयोगांतही सामील होत. 1893 मध्ये हेच वीरचंदभाई शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होते. साधुधर्मामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना पाठवले. पत्रव्यवहार आधी, अभ्यास आधी, आणि बोट नंतर. परत आल्यावर त्यांनाही समुद्रगमनावरून आपल्याच काही लोकांचा विरोध सोसावा लागला, हे विसरता येत नाही.

1902 मध्ये मोहनदास पुन्हा मुंबईत स्थिरावण्याच्या विचाराने आले आणि त्यांनी गिरगावात घर घेतले. घर दमट, उजेड कमी. तिथेच मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. वडिलांनी नम्रपणे नकार दिला, पाण्याचे उपचार केले, आणि एका रात्री मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून, आईवर सोपवून, मन शांत करण्यासाठी ते चौपाटीवर फिरायला गेले. मुलगा वाचला. त्यानंतर रेवाशंकरभाईंच्या सल्ल्यानेच सांताक्रूझला हवेशीर बंगला घेतला गेला. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचे मणिभवन हे याच रेवाशंकरभाईंचे घर. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथेच उतरत. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह तिथून चालला, आणि जानेवारी 1932 मध्ये पहाटे त्यांना अटक झाली तीही तिथेच. डॉ. मेहता रंगूनला गेले, तरी त्यांनी आयुष्यभर गांधीजींच्या कार्याला पैसा पुरवला; आणि ‘हिंद स्वराज’ आपण त्यांच्यासाठीच लिहिले, असे गांधीजी पुढे म्हणाले. एका चिठ्ठीच्या पोटी केवढे हे गणगोत!

पण ओळखीची ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. मुंबईत चिठ्ठीवाचून आलेल्यांची संख्या नेहमीच मोठी होती. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून माणसे आली ती गावकीच्या खोलीच्या भरवशावर. एका गावच्या मंडळाची एक खोली, भिंतीला प्रत्येकाची खुंटी, पाळ्यांप्रमाणे झोपणारी माणसे, आणि जेवायला खानावळ. आधी गेलेला गाववाला मुकादमाकडे शब्द टाकी आणि बदलीचे काम मिळे. शाहजोग हुंडीचेच हे गिरणगावातले रूप. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत जैन बोर्डिंगे उभी केली, आणि सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा बांधली, ती याच गरजेतून. परगावच्या मुलाला पहिल्या रात्री पथारी कुठे टाकायची, या प्रश्नाचे ते दगडी उत्तर होते.

ज्याला जात नाकारते, गावकी नाकारते आणि धर्मशाळाही नाकारते, त्याने काय करायचे? परळच्या चाळीत राहणारा एक विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर तिथेच येत. त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, पुस्तके दिली, तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे त्याची गाठ सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे वसतिगृहात नवल भथेना हा मुंबईचा पारशी तरुण भेटला, तो आयुष्यभराचा मित्र झाला. 1920 मध्ये शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला जाताना आंबेडकरांनी ज्यांच्याकडून पैसे घेतले, त्यांत हा मित्र होता. पण या दोन प्रवासांच्या मधे 1917 आहे. कोलंबियातून शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या नोकरीवर गेला, तेव्हा त्या शहरात त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले, आणि ते उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही घालवले. दोन परिचितांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पदवी होती, हुद्दा होता, महाराजांची मर्जी होती. नव्हता तो फक्त दार उघडणारा एक गृहस्थ. बडोद्याच्या बाजारात त्या दिवशी ‘शाह’ म्हणवणारे कितीतरी असतील.

म्हणून आज आपली मुले जेव्हा अँटवर्पला, दुबईला किंवा अमेरिकेत जातात आणि आपल्याच लोकांच्या घरी उतरतात, तेव्हा त्यात आनंद आहे आणि थोडी जबाबदारीही. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीतून अँटवर्पला गेलेल्या पालनपुरी घरांनी एकमेकांना हात देत तिथे हिऱ्यांच्या बाजारात स्थान मिळवले, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथले दार आपल्या आडनावाकडे पाहून उघडते. पण त्याच दारासमोर परळच्या किंवा लालबागच्या दुसऱ्या समाजातल्या घरातला, मुलाच्या वर्गातला मित्र उभा राहिला, तर त्यासाठी चिठ्ठी लिहायची की नाही, हे आपल्या पेढीवरच ठरते.

व्यवहाराच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. इथल्या पेढीच्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या वरिष्ठांना निघण्यापूर्वी भेटून, त्यांच्या क्षेत्रातले तिथे कोण आहे हे विचारावे आणि त्यांच्याकडूनच दोन ओळी पाठवून घ्याव्यात. मुलाने स्वतः अनोळखी माणसाला संगणकावरून पाठवलेल्या विनंतीपेक्षा त्या दोन ओळींचे वजन जास्त असते. आणि पहिले पत्र काही मागण्यासाठी लिहू नये. नोकरी हवी, खोली हवी, असे पहिल्याच पत्रात आले की वाचणारा सावध होतो. तिथल्या हवामानाविषयी, कामाच्या पद्धतीविषयी एखादा प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा येते.

अमेरिकेतील विद्यापीठे ऑगस्टमध्ये सुरू होतात, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पर्युषण येते, मग दशलक्षण. तिथल्या जैन केंद्रांत या दिवसांत वर्षभर न भेटलेली कुटुंबेही एकत्र जमतात. निघण्यापूर्वी जवळच्या केंद्रातील पाठशाळेच्या शिक्षिकेला एक पत्र गेलेले असले, तर नवख्या मुलीला त्या गर्दीत कोणीतरी नावाने हाक मारते. पर्युषणाच्या शेवटी क्षमावणी. पूर्वी या दिवशी पेढीवर क्षमापनेच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा निघे. घरातले मोठे पत्त्यांची वही घेऊन बसत, आणि ज्यांच्याशी वर्षभर एका शब्दाचाही व्यवहार झाला नाही, अशा परगावच्या आडत्यालाही, जुन्या शेजाऱ्यालाही ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहून जाई. दोन आठवड्यांनी उत्तरे येऊ लागत. कोणाचे उत्तर आले नाही, यावरून कोणाचा पत्ता बदलला, कोण गेले, हे कळे, आणि वहीत त्याप्रमाणे दुरुस्ती होई.